प्लॅन ३०० चा, आतल्या खोलीत १८: अपग्रेडनंतर मंदावलेलं घरचं नेट कसं तपासावं

गेल्या पावसाळ्यात आम्ही घरचा ब्रॉडबँड प्लॅन १०० एमबीपीएसवरून ३०० वर नेला. माझं ऑफिसचं काम घरून, मुलीचे ऑनलाइन क्लास आणि रात्री टीव्ही, असं सगळं एकाच वेळी चालायचं म्हणून. कंपनीचा माणूस आला, जुना डबा काढून नवा बसवला, दारातच उभं राहून मोबाइलवर २९० च्या पुढचा आकडा दाखवला आणि सही घेऊन गेला. त्याच रात्री आतल्या खोलीत मुलीचा क्लास तुटायला लागला. मोजलं तर १८. जुन्या प्लॅनवर त्याच पलंगावर बसून ६०-७० मिळायचे.

पुढचे बारा दिवस मी कस्टमर केअरला फोन करत होते. दर वेळी उत्तर एकच: "मॅडम, आमच्याकडून स्पीड बरोबर जातोय." मला वाटायचं, हे लोक टाळताहेत. शेवटी एका रविवारी वही घेऊन एकेक गोष्ट तपासली, तेव्हा तीन वेगवेगळे दोष सापडले. दोन आमच्या घरातले होते, एक त्यांच्याकडचा. घरातले दोन दुरुस्त केल्यावरच त्यांचा तिसरा दोष त्यांना मान्य करायला लावता आला. तुमचे बारा दिवस वाचावेत म्हणून तीच तपासणी इथे क्रमाने लिहिते आहे. तांत्रिक काही येत नसलं तरी चालेल. एक लॅपटॉप, एक लॅन केबल आणि वही-पेन एवढं पुरतं.

आधी एक चित्र डोक्यात ठेवा. इंटरनेट तुमच्या हातातल्या फोनपर्यंत टप्प्याटप्प्याने येतं. कंपनीकडून फायबरने घरातल्या डब्यापर्यंत, हा पहिला टप्पा. या डब्याला ओएनटी म्हणतात, बरेच जण मोडेमच म्हणतात. डब्यापासून पुढे एक तर वायरने किंवा वायफायने हवेतून, हा दुसरा. अपग्रेडमध्ये कंपनी बहुतेक वेळा फक्त पहिला टप्पा रुंद करते. दुसरा टप्पा जुनाच राहतो, किंवा डबा बदलण्याच्या गडबडीत आणखी बिघडतो. आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं.

पायरी १: आकडा कशाचा आहे ते समजून घ्या

प्लॅनवरचा आकडा मेगाबिटमध्ये असतो. कॉम्प्युटरवर फाइल उतरवताना दिसणारा आकडा मेगाबाइटमध्ये असतो. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला साडेबारा मेगाबाइटने उतरली, तर तो पूर्ण स्पीड आहे. ३०० च्या प्लॅनवर हाच आकडा साडेसदतीसच्या आसपास यायला हवा. कित्येकांची तक्रार इथेच मिटते.

मोजण्यासाठी दोन वेगळी साधनं वापरा. स्पीडटेस्ट हे अॅप बहुतेकांना माहीत असतं. ते आपोआप जवळचा सर्व्हर निवडतं आणि तो अनेकदा तुमच्याच कंपनीच्या जाळ्यात असतो, त्यामुळे आकडा चांगला दिसतो. सर्व्हर बदलून दुसऱ्या शहरातला, दुसऱ्या कंपनीचा निवडा आणि पुन्हा मोजा. जोडीला फास्ट डॉट कॉम उघडा. ते नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजतं. दोन्ही आकड्यांत मोठी तफावत असेल तर ती वहीत लिहून ठेवा, पुढे कामाला येईल. चाचणीच्या वेळी घरातले बाकीचे फोन, टीव्ही आणि फोटोंचा बॅकअप बंद हवा.

पायरी २: नवा प्लॅन खरंच लागू झाला आहे का

कंपनीच्या अॅपमध्ये जाऊन प्लॅनचं नाव आणि तो कोणत्या तारखेपासून सुरू आहे ते बघा. काही वेळा बदल पुढच्या बिलापासून लागू होतो आणि फोनवर बोलणारा माणूस हे सांगायचं विसरतो. प्लॅन बदललेला दिसत असेल तर डबा पाच मिनिटं पूर्ण बंद ठेवून पुन्हा सुरू करा. तुमची जुनी जोडणी तुटून नवी लागेपर्यंत अनेक ठिकाणी जुनाच स्पीड चालू राहतो.

याच अॅपमध्ये महिन्याचा डेटा वापरही दिसतो. 'अनलिमिटेड' लिहिलेल्या बऱ्याच प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, छोट्या ऑपरेटरांची याहून कमीही असू शकते. मर्यादा संपली की स्पीड पार खाली येतो. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच नेट रडत असेल तर आधी हेच बघा.

पायरी ३: वायरने मोजा

संपूर्ण लेखातलं एकच करणार असाल तर हे करा. लॅपटॉप लॅन केबलने थेट डब्याला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि मोजा. हा आकडा प्लॅनच्या जवळ आला तर कंपनीची लाइन त्या वेळी ठीक आहे आणि दोष तुमच्या वायफायमध्ये आहे. इथेच आकडा कमी आला तर मात्र नीट लक्ष द्या, कारण तो किती आला यावरून बरंच काही कळतं.

तुमचा आकडा ९४-९५ वर येऊन अडकला आहे का? सकाळी ९४, रात्री ९४, कधीही मोजा ९४? मग लाइन मंद नाही. वाटेत कुठेतरी १०० चं दार आहे. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून वरखर्च वजा जाता साधारण एवढाच स्पीड बाहेर पडतो. जुन्या १०० च्या प्लॅनवर हे दार कधी जाणवलंच नसतं. प्लॅन मोठा झाला की ते आडवं येतं.

हे दार कुठे आहे ते शोधायला विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्कमधल्या इथरनेटवर जा आणि 'लिंक स्पीड' बघा. तिथे १०००/१००० हवं. १००/१०० दिसलं तर केबल, लॅपटॉपचा पोर्ट किंवा समोरचा पोर्ट, यांपैकी एक दोषी आहे. जुन्या लॅपटॉपचे आणि स्वस्त यूएसबी अडॅप्टरचे पोर्ट १०० चेच असतात, त्यामुळे शेजाऱ्याचा नवा लॅपटॉप लावून खात्री करा.

आमच्याकडे दोषी केबल होती. लॅन केबलच्या आत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० च्या स्पीडला फक्त नारिंगी आणि हिरवी जोडी पुरते. १००० साठी निळी आणि तपकिरी जोडीसुद्धा लागते. केबलच्या टोकाचं पारदर्शक प्लग डोळ्यांसमोर धरा आणि तारा मोजा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. आमच्या भिंतीतून गेलेल्या केबलच्या एका टोकाला चारच तारा बसवल्या होत्या. कधीतरी कोणीतरी उरलेल्या चार कापून टाकल्या असाव्यात. नवी टोकं क्रिंप करून, म्हणजे आठही तारांवर नवं प्लग दाबून बसवून घेतली आणि त्याच केबलवर ९४ चे २८८ झाले. माझ्या बारा दिवसांतला मोठा वाटा त्या चार कापलेल्या तारांचा होता.

नवी केबल घ्यायची झाली तर दुकानात कॅट ६ मागा आणि शुद्ध तांब्याची आहे का ते विचारा. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल बाजारात सर्रास मिळते. ती लांब अंतरावर दगा देते आणि वाकवली की आत तुटते.

काही जुन्या सोसायट्यांमध्ये फायबर फक्त बिल्डिंगपर्यंत येतं. तिथून गच्चीवरच्या किंवा डक्टमधल्या स्विचमधून प्रत्येक घरात लॅन केबल टाकलेली असते. घरी येणारी वायर गोल, जाडसर आणि टोकाला टेलिफोनसारखं पण मोठं प्लग असलेली असेल तर तुमचं कनेक्शन तसलं आहे. तिथे ९४ वर अडकणं फार दिसतं, कारण डक्टमधला स्विचच १०० चा असतो. हे तुम्हाला बदलता येणार नाही, ऑपरेटरनेच बदलायला हवं. ३०० चे पैसे घेण्याआधी त्याने ते सांगायला हवं होतं, हे त्याला स्पष्ट शब्दांत विचारा.

पायरी ४: जुना राउटर मध्ये आहे का

नव्या डब्यातच वायफाय असतं, तरी सवयीने जुना राउटर त्याला जोडून सगळे फोन त्यावरच ठेवले जातात. जुन्या राउटरचे पोर्ट १०० चे असतील तर नवा प्लॅन तिथेच अडतो. एक संध्याकाळ जुना राउटर बाजूला काढून ठेवा आणि मोजा. तो लांबच्या खोलीसाठी हवाच असेल तर सेटिंगमध्ये त्याला अॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो फक्त वायफाय देईल आणि दोन राउटर एकाच कामासाठी भांडणार नाहीत.

टीव्हीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. बहुतेक स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्ट १०० चाच असतो, म्हणून टीव्हीवर ९० दिसले तर घाबरू नका. नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएस पुरेसे मानतं, फुल एचडीसाठी ५. टीव्ही अडकत असेल तर कारण बहुधा वायफायची रेंज असतं.

पायरी ५: वायफाय, आणि डब्याची जागा

वायरने पूर्ण स्पीड आणि खोलीत १८, तर दोष हवेतला आहे. नवा डबा कुठे बसवला ते बघा. फायबर दारातून आत येतं आणि लावणाऱ्याला दिवसाला बरीच घरं उरकायची असतात, त्यामुळे डबा दाराशीच लागतो. आमचा चपलांच्या कपाटाच्या वर लागला होता. जुना राउटर हॉलच्या मधोमध शोकेसवर होता. प्लॅन तिप्पट झाला आणि वायफाय घराच्या एका कोपऱ्यात गेलं.

त्यावर आपली घरं विटांची आणि आरसीसीची. नव्या डब्यातलं ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान असतं, पण भिंत ओलांडताना लवकर थकतं. २.४ गिगाहर्ट्झचं लांब पोहोचतं, पण त्याची वाट अरुंद आहे. दोन अँटेनांच्या साध्या फोनला २.४ वर चॅनलच्या नेहमीच्या २० मेगाहर्ट्झ रुंदीत कागदावर १४४ एमबीपीएसचा जोड मिळतो आणि हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास येतं. आतल्या खोलीत फोन गुपचूप २.४ वर उतरतो. तिथे सोसायटीतल्या वीस घरांची वायफाय एकमेकांवर बोलत असतात, शिवाय मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात. त्यातून १८ उरले तर नवल नाही.

फोन कोणत्या पट्ट्यावर आहे हे अँड्रॉइडमध्ये वायफायच्या नावावर दाबलं की दिसतं. 'फ्रिक्वेन्सी' आणि 'लिंक स्पीड' अशा दोन ओळी असतात. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन त्यांना वेगळी नावं द्या. सेटिंगचं पान उघडण्याचा पत्ता आणि पासवर्ड डब्याच्या मागच्या स्टिकरवर असतो. काही कंपन्या ते पान बंद ठेवतात, तिथे हे काम त्यांच्याकडून करून घ्या. मग कामाचा लॅपटॉप आणि टीव्ही ५ वर पक्के जोडून टाका. २.४ साठी चॅनल १, ६ किंवा ११ यांतला कमी गर्दीचा निवडा आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. मधले चॅनल निवडले तर दोन्ही बाजूंच्या गर्दीचा त्रास होतो.

पण खरा फरक जागेने पडतो. डबा घराच्या मधोमध, छातीच्या उंचीवर, उघड्यावर हवा. लोखंडी कपाटाच्या मागे, टीव्हीच्या पाठीशी, आरशाच्या वॉर्डरोबजवळ किंवा माळ्यावर सामानात नको. डबा हलवायचा म्हणजे फायबर वाढवावं लागतं. लाइनमनला आधीच सांगा: "दादा, डबा हॉलमध्ये मधल्या भिंतीवर लावायचा आहे, वायर तेवढी आणा." बसवतानाच सांगितलं तर ते काम सहज होतं. नंतर सांगितलं तर वेगळा चार्ज आणि वेगळी वाट बघणी.

रिपीटर, म्हणजे आलेलं वायफाय पुढे पाठवणारा छोटा डबा, घेण्याची घाई करू नका. स्वस्त रिपीटर ज्या पट्ट्यावर ऐकतो त्याच पट्ट्यावर बोलतो, त्यामुळे स्पीड साधारण अर्धा होतो. त्यापेक्षा इलेक्ट्रिशियनला बोलावून जुन्या टेलिफोनच्या पाइपातून आतल्या खोलीपर्यंत कॅट ६ ओढून घ्या आणि तिथे दुसरा राउटर लावा. आम्ही शेवटी हेच केलं. त्याच पलंगावर आता २०० च्या वर येतात.

पायरी ६: फायबर वाकलं आहे का

काचेची ती बारीक दोरी विजेच्या वायरसारखी दुमडता येत नाही. कपाटामागे चेपली, दाराच्या फटीत अडकली किंवा खिळ्याभोवती गुंडाळली की प्रकाश गळतो. लाल दिवा लागला, ज्यावर 'लॉस' लिहिलेलं असतं, तर लाइन तुटलीच आहे. पण अर्धवट गळतीत दिवे हिरवेच राहतात आणि नेट मात्र धडपडतं.

डब्याच्या सेटिंगमध्ये 'ऑप्टिकल पॉवर' किंवा 'आरएक्स पॉवर' नावाचा उणे आकडा असतो, डब्यापर्यंत प्रकाश किती पोहोचतो ते तो सांगतो. उणे १५ ते उणे २४ असेल तर निश्चिंत राहा. उणे २७ ही बहुतेक डब्यांची कड आहे. आकडा ३ ने घसरला की प्रकाश निम्मा झालेला असतो, म्हणून जुना आकडा लिहून ठेवलेला असणं मोलाचं. हे पान बंद असेल तर लाइनमनकडे पॉवर मीटर असतो, तो लावून आकडा दाखवायला सांगा आणि फोटो काढा. फायबरचं टोक स्वतः काढू नका. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे आत डोकावणं धोक्याचं, आणि बोटाचा तेलकटपणा लागला तरी जोड बिघडतो.

पायरी ७: संध्याकाळची गर्दी

आमचा तिसरा दोष इथे होता. वायर बरोबर, वायफाय बरोबर, तरी रात्री ९ ते ११ मध्ये वायरवर सुद्धा ४०. घरगुती फायबरचा नेहमीचा प्रकार जीपॉन. त्यात एका फायबरवर सुमारे २.५ गिगाबिट खाली येतात आणि ते स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. त्याच्याही पुढे कंपनीची बाहेरची लाइन सर्वांना मिळून असते. सगळ्यांना ३०० विकले आणि बाहेरची लाइन तेवढीच ठेवली, की रात्री तंगी पडते.

हे सिद्ध करायला तीन दिवस वायरने मोजा: सकाळी ७, दुपारी ३, रात्री ९ आणि रात्री ११. तारीख, वेळ, सर्व्हरचं शहर, डाउनलोड, अपलोड आणि पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागलेला वेळ) लिहा, स्क्रीनशॉट ठेवा. ३०० च्या लाइनवर एका चाचणीत अर्धा जीबीच्या आसपास डेटा जातो, म्हणून तासातासाला मोजू नका. माझ्या तीन दिवसांच्या तक्त्यात सकाळी-दुपारी २८० च्या वर आणि रात्री ३५-४५ असं इतकं स्वच्छ दिसत होतं की पुढे कोणी "आमच्याकडून बरोबर जातंय" म्हणालं नाही.

पायरी ८: तक्रार कशी करायची

फोनवर 'नेट स्लो आहे' असं सांगू नका. असं सांगा किंवा लिहा: "प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे. डब्याला थेट लॅन केबलने जोडून, वायफाय बंद ठेवून मोजलं आहे. लिंक स्पीड १००० आहे. सकाळी २८५, रात्री ९ ला ४०, सलग तीन दिवस. ऑप्टिकल पॉवर उणे २०. तक्ता सोबत जोडला आहे." हे ऐकल्यावर डबा बंद-चालू करायला सांगणं त्यांनाही जमत नाही. डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नंबर, घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण. त्याच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार तक्रार केंद्राच्या उत्तराने समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. त्याला शुल्क नाही आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथे लिहून वेळ घालवू नका. दूरसंचार विभागाकडे केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवरून जाता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचार सेवेच्या तक्रारी तिथे चालत नाहीत असं काही कंपन्या सांगत आल्या, पण सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालात त्या चालतात हे स्पष्ट केलं आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही. बहुतेकांना इतकं पुढे जावं लागत नाही. मला अपिलाचा मेल पाठवल्यावर सहाव्या दिवशी फोन आला. आमची बिल्डिंग दुसऱ्या लाइनवर टाकली आणि रात्रीचे ४० आता २२० च्या खाली जात नाहीत.

हे सगळं करूनही सुधारलं नाही तर ऑपरेटर बदला. मोबाइल नंबरसारखी पोर्टिंगची सोय इथे नाही, म्हणून नवी लाइन लागून आठवडाभर रात्रीच्या वेळी मोजून होईपर्यंत जुनी तोडू नका. बिल्डिंगमधल्या त्या कंपनीच्या एखाद्या ग्राहकाकडे रात्री ९ ला जाऊन पाच मिनिटं मोजून आलात तर आणखी चांगलं. जुनं बंद करताना लेखी अर्ज द्या, डबा आणि त्याचा अडॅप्टर परत करा, परत केल्याची पावती घ्या आणि डिपॉझिट खात्यात जमा होईपर्यंत त्या पावतीचा फोटो जपून ठेवा.